झगडून चांगले वागणारा आणि आनंदाने चांगले वागणारा: ॲरिस्टॉटल कोणाला वर ठेवतो आणि का

आपला प्रश्न थोडक्यात असा: दोन माणसे एकाच प्रसंगी सारखीच योग्य वागतात. पहिल्याला मनातली ओढ कष्टाने आवरावी लागते. दुसऱ्याला झगडावे लागतच नाही, तो योग्य ते करतो आणि करताना त्याला आनंद होतो. ॲरिस्टॉटल दुसऱ्याला सद्गुणी म्हणतो आणि पहिल्याला त्याच्या एक पायरी खाली बसवतो. कष्ट पहिल्याचे आणि मान दुसऱ्याचा, हा कुठला न्याय, असे आपण विचारले आहे. ग्रीक नीतिशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आणि या विषयातल्या मर्मावर बोट ठेवणाऱ्या मोजक्या प्रश्नांत मी याची गणना करतो, म्हणून उत्तर जरा विस्ताराने देतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. ॲरिस्टॉटलने लावलेला क्रम मला बरोबर वाटतो; पण ज्या क्षेत्रापुरता त्याने तो लावला त्याबाहेर ओढला की तो चुकीचा ठरतो. आणि आपण ज्या अन्यायाविषयी तक्रार करता तो अन्याय खरा आहे, मात्र त्याचे मूळ या क्रमात नाही.

प्रथम ग्रंथात नेमके काय म्हटले आहे ते पाहू. ‘निकोमाकियन एथिक्स’ या दहा पुस्तकांच्या ग्रंथातल्या सातव्या पुस्तकाच्या आरंभी ॲरिस्टॉटल माणसाच्या घडणीच्या निरनिराळ्या अवस्था मांडतो. दोन टोके तो लगेच बाजूला ठेवतो: वरच्या टोकाला देवतुल्य श्रेष्ठत्व, ज्यासाठी त्याला ‘इलियड’ महाकाव्यातले ट्रॉयचा राजा प्रायम याचे आपला मुलगा हेक्टर याच्याविषयीचे उद्गार आठवतात, आणि खालच्या टोकाला पशुत्व. उरलेल्या चार अवस्थांवर त्याची खरी चर्चा चालते. सद्गुणी माणूस योग्य ते इच्छितो, योग्य ते ठरवतो आणि तसेच वागतो. शारीरिक सुखांच्या बाबतीत अशा माणसाला मी येथे मिताचारी म्हणेन. निग्रही माणूस योग्य ते ठरवतो, त्याची वासना त्याला उलट दिशेने खेचते, तरी तो ठरवल्याप्रमाणे वागतो. दुर्बल माणूस योग्य ते ठरवतो, वासनेपुढे हरतो आणि मग पस्तावतो. दुर्गुणी माणूस मुळात चुकीचेच ठरवतो, तेच बरोबर मानून करतो आणि त्याला पस्तावा होत नाही. नवव्या प्रकरणाच्या शेवटी निग्रही आणि मिताचारी यांच्यातला फरक येतो. शारीरिक सुखासाठी दोघेही विवेकाविरुद्ध काही करत नाहीत. पण एकाच्या ठायी हीन वासना असतात, दुसऱ्याच्या नसतात. मिताचाऱ्याला विवेकाविरुद्धच्या गोष्टीत सुख वाटतच नाही. निग्रह्याला ते वाटते, पण तो त्याच्यामागे जात नाही.

दुसऱ्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात तर ॲरिस्टॉटल याहून कडक बोलतो. कृतीपाठोपाठ येणारे सुख किंवा दुःख हे माणसाच्या घडणीचे लक्षण समजावे, असे तो म्हणतो; जो शारीरिक सुखांपासून दूर राहतो आणि त्यातच ज्याला आनंद वाटतो तो मिताचारी, आणि दूर राहताना ज्याला जाच होतो तो स्वैर. येथे निग्रह्यासाठी वेगळी जागाच ठेवलेली नाही. सातव्या पुस्तकात ती जागा त्याने करून दिली आणि निग्रह ही स्तुत्य गोष्ट आहे असे स्पष्ट म्हटले, हे लक्षात ठेवले पाहिजे. केवळ दुसऱ्या पुस्तकावरून मत बनवणाऱ्या वाचकाला ॲरिस्टॉटल आहे त्यापेक्षा निष्ठुर वाटतो.

आपल्या प्रश्नातली एक गोष्ट मात्र दुरुस्त करायला हवी. मिताचारी माणसाला ओढच नसते, असे ॲरिस्टॉटल म्हणत नाही. तिसऱ्या पुस्तकात त्याने हा सद्गुण स्पर्श आणि चव यांच्या सुखांपुरता मर्यादित केला आहे. चित्रे पाहण्यात किंवा संगीत ऐकण्यात रंगून जाणाऱ्याला कोणी स्वैर म्हणत नाही, हे तो मुद्दाम नोंदवतो. तिथेच त्याने एका खादाडाचा दाखला दिला आहे, ज्याने आपला गळा क्रौंच पक्ष्याच्या मानेहून लांब व्हावा अशी प्रार्थना केली होती, म्हणजे घास उतरताना सुख अधिक वेळ मिळावे. अशा सुखांच्या बाबतीत मिताचारी माणूस आरोग्याला पोषक असलेल्या गोष्टी इच्छितो, आरोग्याच्या आणि आपल्या ऐपतीच्या आड न येणाऱ्या इतर सुखद गोष्टीही इच्छितो, फक्त योग्य प्रमाणात आणि योग्य वेळी. ज्याला कोणत्याच सुखाची गोडी नाही त्याच्यासाठी तर रूढ नावही सापडत नाही, कारण अशी माणसे जवळजवळ नसतातच, आणि असलीच तर मनुष्यपणापासून फार दूर असतात, असे त्याचे मत आहे. तेव्हा तुलना ‘ओढ असलेला’ आणि ‘ओढ नसलेला’ यांच्यात नाही. एकाची ओढ त्याच्या विवेकाशी सुसंगत आहे आणि दुसऱ्याची विसंगत, एवढाच फरक आहे.

हा प्रश्न ॲरिस्टॉटलपुढे आला तो मागच्या दोन पिढ्यांच्या वादातून. सॉक्रेटिसचे म्हणणे असे होते की जे उत्तम आहे ते खरोखर जाणणारा माणूस त्याविरुद्ध वागूच शकत नाही. ‘प्रोटॅगोरस’ या संवादात त्याचा शिष्य प्लेटो याने त्याच्या तोंडी हा विचार घातला आहे: ज्ञान हे गुलामासारखे इकडेतिकडे फरफटत नेले जाते, हे लोकांचे मत त्याला मान्य नाही. माणूस ज्याला सुखापुढे हार खाणे म्हणतो ती त्याच्या मते मोजमापाची चूक असते. जवळची वस्तू मोठी दिसते आणि दूरची लहान, तसे जवळचे सुख मोठे वाटते. या मताप्रमाणे झगडा असा काही उरतच नाही. माणूस नीट मोजतो किंवा चुकीचे मोजतो, एवढेच.

प्लेटोला पुढे हे अपुरे वाटले, आणि का वाटले ते ‘रिपब्लिक’च्या चौथ्या पुस्तकातला एक प्रसंग कोणत्याही युक्तिवादापेक्षा चांगले सांगतो. अग्लायनचा मुलगा लिऑन्टिअस पिरिअस बंदराकडून उत्तरेकडच्या तटाच्या बाहेरच्या बाजूने अथेन्सला चढून येत असतो. वाटेत जल्लादाजवळ देहान्त शिक्षा झालेल्यांची प्रेते पडलेली त्याला दिसतात. पाहावे अशी इच्छा होते आणि त्याच क्षणी किळस येऊन तो तोंड फिरवतो. काही वेळ तो स्वतःशी झगडतो, चेहरा झाकून घेतो. शेवटी इच्छा त्याच्यावर मात करते, तो डोळे विस्फारून प्रेतांकडे धावत जातो आणि आपल्याच डोळ्यांना म्हणतो, ‘घ्या पाहून, चांडाळांनो, हे सुंदर दृश्य पोटभर पाहा!’ लिऑन्टिअसची मोजणी चुकलेली नाही; आपण करतो ते लाजिरवाणे आहे हे त्याला त्या क्षणीही पूर्ण ठाऊक आहे, म्हणून तर तो चिडतो. यावरून प्लेटो म्हणतो की आत्म्यात विवेक आणि वासना यांखेरीज संताप-स्वाभिमानाचा तिसरा भाग आहे आणि हा भाग पुष्कळदा विवेकाच्या बाजूने वासनेशी लढतो. पण प्लेटोनेही लढाईला सद्गुण म्हटले नाही. मिताचार म्हणजे या तीन भागांतली मैत्री आणि कोणी राज्य करावे याविषयी त्यांच्यातले एकमत, असे तो त्याच पुस्तकात सांगतो. ज्या घरात रोज भांडण होऊन शेवटी वडीलधाऱ्यांचेच चालते ते घर, आणि जिथे भांडण होत नाही ते घर, यांत त्याला दुसरे हवे आहे.

ॲरिस्टॉटल इ. स. पू. ३६७ मध्ये प्लेटोच्या अकादमीत आला आणि इ. स. पू. ३४७ मध्ये प्लेटोचा मृत्यू होईपर्यंत तिथे राहिला. सॉक्रेटिसचे मत आणि लिऑन्टिअसची गोष्ट, या दोन्हींचा वारसा घेऊन तो सातव्या पुस्तकाकडे वळतो. सॉक्रेटिसचे मत उघड दिसणाऱ्या गोष्टींच्या विरुद्ध आहे, असे तो आरंभीच म्हणतो, आणि मग तिसऱ्या प्रकरणात, मला या ग्रंथातल्या सर्वांत सूक्ष्म वाटणाऱ्या काही ओळींत, दुर्बल माणसाच्या मनात घडते तरी काय ते उलगडू पाहतो. एक सामान्य विधान मनात असते: अमुक चाखू नये. दुसरे विधानही असते: गोड ते सर्व चाखावे. समोर वस्तू आहे आणि ती गोड आहे, हे इंद्रियांना कळते. वासना जागी असेल तर दुसरे विधान इंद्रियांनी दिलेली ही माहिती ताब्यात घेते आणि हात पुढे जातो. लग्नाच्या पंगतीत बसलेला मधुमेही गृहस्थ घ्या. ताटात जिलेबी वाढली जाते. साखर आपल्याला विषासमान आहे हे त्याला ठाऊक आहे. विचारले तर तो ते शेजाऱ्याला समजावूनही सांगेल. ॲरिस्टॉटलच्या मते त्या क्षणी त्याचे हे ज्ञान झोपलेल्या, वेडाच्या झटक्यात असलेल्या किंवा दारू प्यालेल्या माणसाच्या ज्ञानासारखे असते. असा माणूस तत्त्वज्ञ-कवी एम्पेडोक्लिसच्या ओळीही म्हणून दाखवतो, पण त्या तोंडातून निघतात एवढेच. त्याचे बोलणे रंगभूमीवरच्या नटाच्या बोलण्यासारखे समजावे. शेवटी ॲरिस्टॉटल सॉक्रेटिसला अर्धा मान परत देतो: वासना ज्याला फरफटत नेते ते पूर्ण अर्थाने ज्ञान नव्हेच, इंद्रियांना जाणवणाऱ्या विशिष्टाची ती जाण असते.

आता याच ताटापुढे तीन माणसे बसवा. दुर्बल गृहस्थ जिलेबी खातो. निग्रही गृहस्थ खात नाही, पण त्याला समोर दिसते ती मुख्यतः गोड वस्तूच; जेवण संपेपर्यंत त्याचे अर्धे लक्ष तिच्याकडे आहे आणि ‘नको’ हा शब्द त्याला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावा लागतो. मिताचारी गृहस्थाला जिलेबी गोड असते हे ठाऊक नाही असे नाही; पण आज, या प्रकृतीत, ती त्याच्या दृष्टीने खाण्याची वस्तूच नाही, आणि त्यामुळे त्याचे लक्ष शेजारी बसलेल्या मित्राच्या बोलण्याकडे मोकळे आहे. बाहेरून पाहिले तर शेवटच्या दोघांचे ताट सारखेच आहे. पण परिस्थितीतले काय महत्त्वाचे आणि काय नाही हे दोघांना सारखे दिसत नाही. सद्गुण म्हणजे बाहेर सारखे दिसणारे वर्तन, असे ॲरिस्टॉटल कुठेच मानत नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात तो सांगतो की कृती न्यायाची किंवा मिताचाराची असणे पुरेसे नाही. करणाऱ्याने ती जाणून केली पाहिजे, तिच्यासाठीच निवडून केली पाहिजे आणि स्थिर, न ढळणाऱ्या घडणीतून केली पाहिजे.

यामागचे कारण त्याने सर्वांत स्पष्टपणे सांगितले ते वासनेच्या संदर्भात नव्हे, पैशाच्या संदर्भात, आणि निग्रहाची चर्चा करणारे ते बहुधा वगळतात म्हणून मी ते मुद्दाम येथे देतो. चौथ्या पुस्तकात औदार्याविषयी लिहिताना तो म्हणतो की देताना ज्याला दुःख होते तो उदार नव्हे, कारण सत्कृत्यापेक्षा त्याला पैसाच अधिक हवासा वाटतो. हाच सगळ्या क्रमाचा गाभा आहे. दुःख ही केवळ एक भावना नाही. आपण कशाला किती किंमत देतो याची ती साक्ष आहे. मित्राच्या आजारपणात त्याला पैसे देणारे दोघे आहेत असे समजा. एकाला ते देताना आतून ओरखडा उठतो, दुसऱ्याला मित्राची अडचण भागली याचाच आनंद होतो. पहिल्याने कर्तव्य केले, त्याबद्दल त्याचे आभार मानलेच पाहिजेत. पण त्याच्या तराजूत मित्राचे पारडे अजून पैशाच्या पारड्याशी झगडत आहे, आणि आपण स्वतः ते मित्र असतो तर आपल्याला कोणाची मैत्री हवी असती, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. नवव्या पुस्तकात याच अंगाने तो म्हणतो की सज्जनाला सत्कृत्यांत आनंद होतो आणि दुष्कृत्यांनी क्लेश होतो, जसा संगीत जाणणाऱ्याला चांगल्या सुरावटींनी आनंद आणि वाईटांनी त्रास होतो.

येथे आपण कदाचित म्हणाल की मग कठीण गोष्ट करण्याला काहीच मोल नाही का? आपल्या बाजूने बोलणारे एक वाक्य खुद्द ॲरिस्टॉटलनेच लिहिले आहे. सुखाशी लढणे हे क्रोधाशी लढण्यापेक्षा कठीण, हे आधीच्या काळातल्या हेराक्लिटस या तत्त्वज्ञाचे मत उद्धृत करून तो पुढे म्हणतो की कला आणि सद्गुण यांचा संबंध नेहमी अधिक कठीण गोष्टीशीच असतो, कारण अधिक कठीण असते तेव्हा चांगलेही अधिक चांगले ठरते. हे वाक्य त्याच दुसऱ्या पुस्तकाच्या त्याच तिसऱ्या प्रकरणात आहे, जिथे जाच वाटणाऱ्याला त्याने स्वैर म्हटले. दोन्हींचा मेळ कसा बसवायचा?

माझ्या समजुतीप्रमाणे काठिण्य दोन ठिकाणांहून येते आणि विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी हा भेद फार स्वच्छ मांडला. एक काठिण्य परिस्थितीतून येते. भुकेल्या, कर्जात बुडालेल्या माणसाला रस्त्यात कोणाचे पैशाचे पाकीट सापडले आणि त्याने ते परत केले, तर त्याचा प्रामाणिकपणा सुखवस्तू माणसाच्या प्रामाणिकपणापेक्षा मोठा ठरतो, कारण परिस्थितीने त्याच्याकडून जास्त मागितले आणि त्याने ते दिले. दुसरे काठिण्य माणसाच्या घडणीतूनच येते. खिसा भरलेला असूनही दुसऱ्याचे पाकीट दिसताच ज्याचे हात शिवशिवतात, त्याला ते परत करणे कठीण जाते ते त्याच्या प्रामाणिकपणात उणीव आहे म्हणून. पहिल्या काठिण्यामुळे सद्गुण उजळतो, दुसऱ्यामुळे त्याची त्रुटी कळते. सद्गुणांचा संबंध कठीण गोष्टींशी असतो याचा अर्थ इतकाच की माणसांना ज्या ठिकाणी चुकणे सोपे असते त्या ठिकाणी सद्गुण लागतात. कारागिराचे कसब कठीण कामात दिसते, पण कसबी कारागिराला ते काम नवशिक्याइतके कठीण जात नाही. आपल्या प्रश्नातला पहिला माणूस कोणत्या काठिण्याशी झगडतो आहे, हे विचारल्याशिवाय त्याला कोणत्या पायरीवर बसवायचे ते ठरवता येणार नाही.

आता या क्रमाच्या सीमांविषयी. निग्रह आणि दुर्बलता हे शब्द मूळ अर्थाने मिताचाराच्याच क्षेत्रात, म्हणजे स्पर्श आणि चव यांच्या सुखांत लागू होतात, असे ॲरिस्टॉटल पुन्हा पुन्हा सांगतो. क्रोध, मान, पैसा यांच्या बाबतीत ते साधर्म्याने वापरायचे. धैर्याकडे आले की चित्र स्पष्टच बदलते. तिसऱ्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात तो लिहितो की शूर माणसाला जखमा आणि मृत्यू दुःखदच वाटतात. इतकेच नव्हे, तो जितका सद्गुणी आणि जितका सुखी, तितके मरण त्याला अधिक दुःखद, कारण त्याचे जगणे सर्वांत जास्त मोलाचे आहे आणि आपण सर्वांत मोठ्या गोष्टी गमावतो आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते. तरी तो शूरच आहे, किंबहुना त्यामुळे अधिक शूर. प्रत्येक सद्गुणाचे आचरण सुखद असते असे नाही, हे तो तेथे मान्य करतो. म्हणून आजारी आईची रात्रंदिवस सेवा करणारी मुलगी थकली, रडली, एखाद्या क्षणी तिला सगळे सोडून निघून जावेसे वाटले, तर ती ‘केवळ निग्रही’ आहे असा निवाडा ॲरिस्टॉटलच्या नावाने देणे मला चुकीचे आणि क्रूर वाटते. तिचे दुःख तिच्या मूल्यांतल्या दोषाची साक्ष देत नाही. खऱ्या हानीचे ते खरे दुःख आहे.

दुसरी सीमा दृढतेविषयीची. ठरवलेले तडीस नेणे हाच निग्रहाचा गाभा असेल तर चुकीच्या निश्चयाला चिकटून राहणाराही निग्रही ठरेल. ॲरिस्टॉटल अशांना हट्टी म्हणतो आणि वेगळे काढतो. त्याचा आवडता दाखला सोफोक्लिसच्या इ. स. पू. ४०९ मध्ये सादर झालेल्या ‘फिलॉक्टेटिस’ नाटकातला आहे. जखमेमुळे लेम्नॉस बेटावर एकटा सोडून दिलेल्या फिलॉक्टेटिसचे धनुष्य मिळवण्यासाठी ओडिसिअस तरुण निऑप्टोलेमसला खोटे बोलायला तयार करतो. निऑप्टोलेमस तसे ठरवतो, खोटे बोलतो, धनुष्य हातात पडते; आणि मग त्या आजारी माणसाच्या वेदना डोळ्यांसमोर पाहून त्याला आपलाच निश्चय असह्य होतो आणि तो धनुष्य परत करतो. त्याने निश्चय मोडला, तोही एका सुखासाठी, कारण खरे बोलणे त्याला सुखद होते. पण ते सुख उदात्त होते, म्हणून ॲरिस्टॉटल त्याला दुर्बल म्हणत नाही. आपल्याकडे निश्चयाचे इतके कौतुक होते की हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे मी नेहमी आवर्जून ठेवतो.

सगळ्या ग्रीकांनी हाच क्रम मानला असेही नाही. सॉक्रेटिसचा दुसरा शिष्य झेनोफोन याने लिहिलेल्या सॉक्रेटिसच्या आठवणींत निग्रह हा सद्गुणाचा पाया म्हणून येतो. आधी तो आत्म्यात घालावा, मग बाकीचे उभारावे. रोमन लेखक सिसेरोने सांगितलेली एक कथा याच वळणाची आहे. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखणाऱ्या झोपिरसने सॉक्रेटिसच्या ठायी अनेक दुर्गुण असल्याचे सांगितले तेव्हा बाकीचे हसले, पण सॉक्रेटिसनेच त्याची बाजू घेतली: हे दोष आपल्यात जन्मतः होते, विवेकाने आपण ते घालवले. ही कथा आपल्या पहिल्या माणसाला मोठा आधार देणारी आहे. मात्र ‘घालवले’ हा शब्द नीट वाचावा. जन्मभर दाबून ठेवले असे तो म्हणत नाही. ॲरिस्टॉटलनंतरच्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांनी तर आत्म्यातले भागच नाकारले. त्यांच्या मते वासना हा विवेकाचाच चुकलेला निर्णय असतो, आणि ज्याला आपण झगडा म्हणतो ते एकाच मनाचे दोन निर्णयांत वेगाने हेलकावणे असते. युरिपिडिसच्या नाटकातल्या, पतीवरच्या सूडापोटी आपल्याच मुलांना मारणाऱ्या मीडिआचे ‘मी किती वाईट करायला निघाले आहे हे मला कळते, पण माझा क्रोध माझ्या विचारांहून बलवान आहे’ हे शब्द म्हणूनच त्यांच्या परंपरेत पुन्हा पुन्हा चर्चिले गेले. त्यांच्यातल्या एपिक्टेटसचे उत्तर असे की पतीवर सूड उगवणे हे मुलांना वाचवण्यापेक्षा अधिक हिताचे, असे तिला त्या क्षणी वाटले, एवढेच.

मराठी वाचकाला येथे गीतेतल्या दुसऱ्या अध्यायाची आठवण होणे स्वाभाविक आहे: निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी सुटत नाही, ती गोडी परतत्त्वाच्या दर्शनाने जाते. विषय सोडणे आणि गोडी जाणे यांतला फरक हाच निग्रही आणि मिताचारी यांच्यातला फरक आहे, इथपर्यंत साम्य अगदी खरे आहे. पुढे वाटा फुटतात. ॲरिस्टॉटलला गोडी घालवायची नाही, तिला वळण लावायचे आहे, आणि ते लावणारी गोष्ट परतत्त्वाचे दर्शन नसून लहानपणापासूनचा सराव आणि विवेक ही आहे.

यावरूनच आपल्या तक्रारीच्या शेवटच्या भागाकडे यायला हवे. मिताचारी माणूस असा घडला तो चांगल्या संगोपनामुळे. निग्रह्याला तसे संगोपन मिळाले नसेल तर त्यात त्याचा दोष काय? ॲरिस्टॉटल हे लपवत नाही. लहानपणापासून या सवयी लागतात की त्या, याने थोडा फरक पडत नाही, फार मोठा पडतो, किंबहुना सगळाच फरक त्याने पडतो, असे त्याने लिहिले आहे. प्रौढपणी बदल होत नाही असे मात्र तो म्हणत नाही. दुर्गुण हा जलोदर किंवा क्षयासारखा सतत चालणारा रोग आणि दुर्बलता अपस्मारासारखी अधूनमधून झटके देणारी, असे सांगून दुर्बल माणूस बरा होऊ शकतो असे तो म्हणतो, कारण त्याच्यातला उत्तम भाग, म्हणजे योग्य काय याची जाण, शाबूत असतो. चांगले कायदे करून ते न पाळणाऱ्या नगरासारखा तो आहे. दुर्गुणी माणूस वाईट कायदे करून ते कसोशीने पाळणाऱ्या नगरासारखा. मग ज्याचे कायदे चांगले आहेत आणि जो ते पाळतोही, त्या निग्रह्याला आशा किती अधिक! त्याच्यासाठी ॲरिस्टॉटलचा सल्ला दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटी आहे: आपली ओढ कुठे आहे ते ओळखावे आणि वाकलेले लाकूड सरळ करणारे करतात तसे स्वतःला उलट बाजूला वाकवावे, आणि सुखाकडे ट्रॉयच्या वृद्धांनी, जिच्यापायी युद्ध पेटले त्या हेलेनकडे पाहिले तसे पाहावे, म्हणजे तिचे सौंदर्य मान्य करून तिला परत पाठवण्याची भाषा करावी. हे वृद्ध, पाहा, निग्रहीच आहेत. सद्गुणाकडे जाण्याची वाट निग्रहातूनच जाते, हे येथे त्याने गृहीत धरले आहे.

संगोपन मात्र सर्वांना सारखे मिळत नाही, आणि ते एकट्याच्या हातातही नसते. म्हणूनच दहाव्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात तो म्हणतो की बहुतेकांना चांगले करायला नुसते युक्तिवाद पुरत नाहीत, चांगले कायदे आणि चांगल्या रीतीने चालणारे नगर लागते. आणि नीतिशास्त्राचा हा ग्रंथ ‘पॉलिटिक्स’मधल्या राज्यव्यवस्थेच्या चर्चेकडे तोंड करूनच संपतो. आपण ज्याला अन्याय म्हणता त्याची दाद तेथे मागायची. आणि तेथे ॲरिस्टॉटल स्वतःच आरोपी ठरतो, कारण काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात असे मानून त्याने त्यांना, आणि त्यांच्याबरोबर स्त्रियांना व अंगमेहनत करणाऱ्या कारागिरांना, त्या पूर्ण संगोपनातून वगळले. ज्या सवयींशिवाय सद्गुण शक्य नाही असे त्याने सांगितले, त्या सवयी लागण्याची सोय त्याने आपल्या आदर्श नगरातल्या थोड्या पुरुषांपुरतीच ठेवली. आपली तक्रार या ठिकाणी रास्त आहे आणि तिला त्याच्याकडे उत्तर नाही. आनंदाने देणारा आणि दुःखाने देणारा यांत पहिला अधिक चांगला मित्र आहे, हे म्हणणे मात्र तिच्यामुळे खोटे ठरत नाही.